लेकरू नेलं म्हणजे गेलं नव्हे

(आमच्या गटाने सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचे हे लिखित रूप. बोलणे जसे झाले तसेच ठेवले आहे.)

 

आमच्या बचत गटाची बैठक संपली की आम्ही पाच-दहा मिनिटं रेंगाळतो. हप्ते मोजून झालेले असतात, वहीवर सह्या झालेल्या असतात, मग इकडचं तिकडचं बोलणं निघतं. एकदा एकीच्या सुनेनं मोबाईलवर पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सांगितली, ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’. राणी मुखर्जीचा, २०२३ साली आलेला. गोष्ट खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. २०११ मध्ये नॉर्वेतल्या स्टॅव्हॅन्गर शहरात तिथल्या बालकल्याण खात्यानं एका बंगाली जोडप्याची दोन लेकरं ताब्यात घेतली. धाकटी काही महिन्यांची होती. आई हातानं भरवते, लेकरू आई-बापाजवळ झोपतं, यालाही तिथं नावं ठेवली गेली, असं त्या आई-बापांचं म्हणणं होतं. एप्रिल २०१२ मध्ये लेकरं काकाच्या हवाली होऊन भारतात आली आणि जानेवारी २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशानं आईकडे परतली.

गोष्ट ऐकून आम्ही सगळ्या हळहळलो. ‘हातानं नाही भरवायचं तर काय फावड्यानं?’ असं म्हणून एक मावशी हसल्याही. पण कोपऱ्यात बसलेली एक बाई हसली नाही. ती म्हणाली, “माही लेकरं बी नेली होती की. नार्वेत नाही, इथंच.”

त्या बाईची गोष्ट आज तिच्या परवानगीनं सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, ओळखण्याची खटपटही कुणी करू नका. तिच्यासारखी वेळ आपल्यापैकी कुणावरही येऊ शकते, म्हणून सांगतो आहोत.

एका फलाटावर

ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला गेले होते. परतताना नवरा सामानासोबत ट्रकनं पुढे निघाला, ती दोन लेकरं घेऊन रेल्वेनं. एका मोठ्या स्टेशनावर गाडी बदलायची होती. धाकट्याला ताप होता. थोरली सहा वर्षांची. तिला म्हणाली, “याले धरून बस, हलू नको,” आणि स्वतः स्टेशनाबाहेर औषध आणायला गेली. दुकान सापडायला, रांगेत थांबायला वेळ गेला. परत आली तर फलाटावर लेकरं नव्हती. तापलेल्या भावाला मांडीवर घेऊन रडणारी पोरगी पाहून कुणीतरी खबर दिली होती आणि लेकरांना नेलं होतं.

इथपर्यंत यात कुणाची चूक नाही. एकटी, लहान, आजारी लेकरं फलाटावर दिसली तर कुणीतरी उचलायलाच हवीत. आपण तिथं असतो तरी हेच केलं असतं.

चूक पुढे झाली. पोलिसाकडे गेलो तर ‘लेकरं टाकून कुठं गेली होतीस’ म्हणून आपल्यालाच आत टाकतील, या भीतीनं ती कुणाकडेच गेली नाही. एका टपरीवाल्यानं तिला सांगितलं, “सरकारनं नेली म्हणजे गेली. आता मिळत नसतात.” ती रडत गावी आली. नवऱ्यानं आधी तिला मारलं, मग दोघं मिळून गप्प बसले. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी ती आमच्यातल्या एकीच्या दारात आली आणि म्हणाली, “मी सोडली नव्हती हो बाई. मी औषध आणाले गेली होती.”

टपरीवाल्याचं ते वाक्य खोटं आहे. लेकरू नेलं म्हणजे गेलं नव्हे. पण आई-बाप गप्प राहिले तर ते वाक्य खरं होण्याचा धोका असतो. म्हणून सरकारला किती अधिकार आहे, तो कुठे संपतो आणि आईचा अधिकार कुठून सुरू होतो, हे आज समजून घेऊ.

नेतं कोण, ठरवतं कोण

आपल्याकडे यासाठी कायदा आहे, बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५. तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अठरा वर्षांच्या आतल्या प्रत्येक लेकराला तो लागू होतो.

या कायद्यात दोन प्रकारची लेकरं वेगवेगळी धरली आहेत. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ते एक. आणि ज्याला काळजीची, संरक्षणाची गरज आहे ते दुसरं. आपण सगळ्यांनाच ‘रिमांड होममध्ये टाकलं’ म्हणतो. ते चुकीचं आहे. हरवलेलं, टाकलेलं, मारहाण सोसणारं लेकरू गुन्हेगार नसतं. त्याला बालगृहात ठेवतात. आरोप असलेल्या मुलांचं निरीक्षणगृह वेगळं असतं.

काळजीची गरज असलेलं लेकरू कोणतं? ज्याला घर नाही आणि पोट भरण्याचं साधन नाही ते. भीक मागताना किंवा बेकायदा मजुरी करताना सापडलेलं. घरातलाच माणूस ज्याला मारतो, छळतो, अत्याचार करतो ते. जिचं अल्पवयात लग्न लावण्याची तयारी चालली आहे ती मुलगी. हरवलेलं, पळून गेलेलं. आणि ज्याचे आई-बाप सांभाळायला असमर्थ आहेत, असं समितीला चौकशीत आढळलं ते.

ही समिती म्हणजे बाल कल्याण समिती. ती प्रत्येक जिल्ह्यात असते, आपली वाशिमला. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई असलीच पाहिजे. या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. पोलीस, रेल्वेचा माणूस, डॉक्टर, शिक्षक, संस्थेचा कार्यकर्ता, शेजारी, यांपैकी कुणीही लेकराला समितीपुढे नेऊ शकतं. लेकरू स्वतःही जाऊ शकतं. पण लेकरू कुठे राहील हे यांपैकी कुणी ठरवू शकत नाही. ते ठरवायचा अधिकार समितीचा. पोलीस म्हणाला, संस्थेची बाई म्हणाली, म्हणून तो निकाल होत नाही.

घड्याळ आणि कॅलेंडर

हे दिवस नीट ऐका. जमलं तर वहीत लिहा.

चोवीस तास: लेकरू सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला समितीपुढे उभं करावं लागतं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे. त्याहून जास्त वेळ कुणालाही लेकरू आपल्याजवळ ठेवता येत नाही.

पंधरा दिवस: समिती चौकशी लावते. कार्यकर्ता किंवा अधिकारी घरी जातो, शेजाऱ्यांशी, शाळेशी, अंगणवाडीशी बोलतो आणि अहवाल लिहितो. हा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत पूर्ण करायचा असतो. आपल्या घरी हा माणूस आला तर दार लावू नका, पाणी द्या, बसवा. तुमची बाजू समितीपर्यंत पोहोचण्याचा तो मोठा रस्ता आहे.

चार महिने: लेकरू पहिल्यांदा समितीपुढे आलं त्या दिवसापासून चार महिन्यांच्या आत समितीनं शेवटचा आदेश द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. लेकरू सापडलं आणि आई-बापाचा पत्ताच लागला नाही, तर समिती शोध घेते, वर्तमानपत्रात जाहिरात देते. तरीही कुणी आलं नाही तर लेकरू ‘दत्तक देण्यास मोकळं’ म्हणून जाहीर करता येतं. दोन वर्षांपर्यंतच्या लेकराच्या बाबतीत ही मुदत दोन महिन्यांची आहे, दोन वर्षांवरच्या लेकराच्या बाबतीत चार महिन्यांची. हा निर्णय एकट्या सदस्याला घेता येत नाही, किमान तिघांनी घ्यावा लागतो.

आता त्या बाईकडे वळा. तिचा धाकटा दीड वर्षाचा. एकोणीस दिवस ती गप्प बसली. साठातले एकोणीस गेले. अजून दीड महिना ती अशीच भिऊन घरात बसली असती, तर कागदावर तिचं लेकरू ‘टाकून दिलेलं’ ठरलं असतं. कुणी दुष्ट म्हणून नव्हे. मागायला कुणी आलंच नाही म्हणून.

गरिबी हा गुन्हा आहे का?

आमच्या बैठकीत मग वाद झाला. एक काकू म्हणाल्या, “घर नाही, साधन नाही असं लेकरू न्यायचं म्हणता, मग पालावर राहणाऱ्याची, वीटभट्टीवरच्याची सगळीच लेकरं न्या की!”

काकूंचं बोलणं खोटं नाही. कायद्याचे शब्द तेवढेच वाचले तर गरिबाचं घर आणि बेघरपण यांत फरक करणं पाहणाऱ्याच्या नजरेवर राहतं. चारचाकीतून उतरलेल्या माणसाला पाल हे घर वाटत नाही. पालात राहणाऱ्या लेकराला मात्र ते घरच असतं.

पण त्याच कायद्याच्या सुरुवातीला, तिसऱ्या कलमात, समितीनं कसं वागायचं याची तत्त्वं दिली आहेत. त्यातली तीन आपल्या कामाची. लेकराला सांभाळण्याची पहिली जबाबदारी त्याच्या आई-बापाची. लेकराला संस्थेत ठेवायचं ते अगदी शेवटचा उपाय म्हणून. आणि प्रत्येक लेकराला लवकरात लवकर आपल्या घरी परतण्याचा हक्क आहे, घरी परतणं त्याच्या हिताचं नसेल तेवढं सोडून. शिवाय काय करायचं ते ठरवताना लेकराचंही म्हणणं ऐकलं पाहिजे.

जगानंही हेच मान्य केलं आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारतानं डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचं नववं कलम सांगतं की लेकराला आई-बापापासून त्यांच्या इच्छेविरुद्ध तोडायचं असेल तर ते लेकराच्या भल्यासाठी गरजेचं असलं पाहिजे आणि त्या निर्णयाची न्यायालयात तपासणी होऊ शकली पाहिजे. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटलं आहे की फक्त गरिबी हे लेकरू काढून घेण्याचं कारण कधीच होऊ नये. घर गरीब असेल तर घराला मदत करा.

म्हणून समितीपुढे उभं राहाल तेव्हा गरिबी लपवू नका, तिची लाजही बाळगू नका. सांगा की आम्ही गरीब आहोत, पण लेकरू आमचं आहे, आम्ही त्याला सांभाळतो, आम्हाला मदत हवी.

भीती आली कुठून

आमच्यातल्या काही जणी तांड्यावरच्या, काही पारधी वस्तीतल्या. त्यांच्या घरात खाकी कपडे दिसले की लेकरं लपवायची रीत आहे. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. त्यामागे इतिहास आहे.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवला. १८९७ च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांची लेकरं आई-बापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय करून घेतली. पुढे १९११ आणि १९२४ च्या कायद्यांतही लेकरं वेगळी काढून शाळा-वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारनं स्वतःकडे ठेवला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे. देशभरात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, भीती आजीकडून नातीकडे येत राहिली.

हे फक्त आपल्याकडे झालं नाही. ऑस्ट्रेलियात तिथल्या आदिवासींची लेकरं सरकारनं आणि चर्चच्या संस्थांनी कितीतरी वर्षं आयांकडून काढून नेली. ‘त्यांचं भलं होईल’ हेच कारण तिथंही दिलं होतं. १९९७ मध्ये त्यावर मोठा अहवाल आला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी तिथल्या पंतप्रधानांनी, केविन रुड यांनी, संसदेत उभं राहून माफी मागितली. कॅनडानंही त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या निवासी शाळांबद्दल माफी मागितली.

यातून काय घ्यायचं? ‘भल्यासाठी नेतो’ एवढं म्हणून भागत नाही. नेणाऱ्याला नियम लागतात, मुदत लागते, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची जागा लागते. आजच्या कायद्यात या तिन्ही गोष्टी आहेत. पण त्या वापरल्या तरच कामाच्या.

दुसरी बाजूही खरी आहे

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग सरकारला हा अधिकारच कशाला? याचंही उत्तर आमच्याजवळ आहे, आणि ते सांगताना आम्हाला सोपं जात नाही.

आमच्याच ओळखीच्या एका घरात एक पोरगी होती. हातावर चटके. शाळेत जाणं बंद. ‘चुलीवर पडली’ असं घरातले सांगत. एकदा पडेल, दोनदा पडेल. आम्ही तीन आठवडे आपसात वाद घातला. ‘दुसऱ्याच्या घरात कशाला?’ ‘वैर येईल.’ ‘आई आहे ना तिची.’ शेवटी १०९८ वर फोन लावला. पोरगी काही दिवस बालगृहात राहिली आणि नंतर समितीच्या आदेशानं आजीकडे गेली. आता शाळेत जाते. तिची आई आमच्याशी बोलत नाही. समोरून आली तर पदर ओढून निघून जाते.

आम्ही चुकलो का? फोन केला यात नाही. तीन आठवडे थांबलो, त्यात चुकलो.

तेव्हा सरकारचा अधिकार नको असं आम्ही म्हणत नाही. जिथं लेकराच्या जीवाला, अब्रूला धोका आहे तिथं तो हवाच. जिथं फक्त दारिद्र्य आहे तिथं तो मदतीच्या रूपानं यायला हवा. दोन्ही घरं वरून सारखी दिसतात. म्हणूनच चौकशी लागते, आणि म्हणूनच आईनं बोलावं लागतं.

अंगठा देण्याआधी

आता एक वेगळी गोष्ट. कधी आई-बाप स्वतःच लेकरू समितीच्या हवाली करतात. बाई एकटी आहे, आजारी आहे, घरातून काढली आहे, सांभाळणं हाताबाहेर गेलं आहे. कायदा याला परवानगी देतो. याला ‘समर्पण’ म्हणतात. हे करणारी बाई गुन्हेगार ठरत नाही.

पण समर्पणाचा कागद आणि ‘काही दिवस बालगृहात ठेवा’ असा अर्ज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समर्पण म्हणजे लेकरू दत्तक जाऊ शकतं. म्हणून समितीनं आधी समजावून सांगायचं असतं आणि सही झाल्यावरही आई-बापाला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत मन बदललं तर लेकरू परत मागता येतं. नंतर नाही.

कागद वाचता येत नसेल तर वाचून घ्या. ‘हा कागद कशाचा?’ हे तीनदा विचारा. त्याची नक्कल मागा. कुणी घाई करत असेल तर अंगठा मुठीत ठेवा.

समितीसमोर आई एकटी उभी राहू शकते का, हेही आम्हाला विचारतात. नवरा सोडून गेला, सही कुणाची आणू? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ मध्ये बापाला पहिला नैसर्गिक पालक म्हटलं आहे आणि ‘त्यानंतर’ आईला. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ‘त्यानंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप लक्ष देत नसेल, सोबत नसेल, तर आईच पालक. सोडलेल्या, विधवा, एकट्या बायांनो, तुमची एकटीची सहीही सही आहे.

लेकरू नेलं तर काय करायचं

पहिलं, त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा आणि लेकरू हरवल्याची तक्रार द्या. हरवलेल्या लेकराच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवून तपास करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. तक्रारीची प्रत घ्या. तुम्ही लेकरू टाकलं नव्हतं, शोधत होता, याचा तो सगळ्यात मोठा पुरावा.

दुसरं, १०९८ वर फोन करा. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो. लेकराचं नाव, वय, कपडे, अंगावरच्या खुणा सांगा.

तिसरं, लेकरू दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं असेल तरी घाबरू नका. लेकरू बाहेरचं आहे असं कळलं तर चौकशी करून ते आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याची कायद्यात सोय आहे. सोबत माणूस देण्याची आणि प्रवासखर्चाची जबाबदारीही सरकारची. वाशिमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन चौकशी करा.

चौथं, कागद गोळा करा. जन्माचा दाखला, आधार, रेशनकार्ड, अंगणवाडीचं लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला, लेकरासोबतचा एखादा फोटो, सरपंचाचं पत्र. ऊसतोडीवर होतात तर मुकादमाकडून तसं लिहून घ्या. सगळे कागद नसले तरी जा. आहे तेवढे घेऊन जा.

पाचवं, वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला आणि लेकराला उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्या. १५१०० हा त्यांचा फोन.

सहावं, समितीचा आदेश पटला नाही तर तीस दिवसांच्या आत बाल न्यायालयात अपील करता येतं. तीस दिवस, विसरू नका. आणि समितीच्या कामकाजाबद्दलच तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

नेण्याची वेळच येऊ नये म्हणून

घरात बाप गेला असेल, आई-बाप वेगळे झाले असतील, मोठं आजारपण असेल, तर लेकरू संस्थेत न टाकता घरीच वाढावं म्हणून आपल्या राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात लेकरामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. अंगणवाडी ताईंना विचारलं तर त्या रस्ता दाखवतील.

हंगामाला बाहेर जाणार असाल तर लेकरू गावीच राहून शिकावं म्हणून शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय होते. निघायच्या आधीच मुख्याध्यापकांना भेटा. गाडी दारात उभी राहिल्यावर नव्हे.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच, अंगणवाडी सेविका असे गावचेच लोक तिच्यात असतात. ती कागदावरच राहिली असेल तर ग्रामसभेत विचारा, शेवटची बैठक कधी झाली?

आणि एक फुकटचं काम. लेकराला स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि एक फोन नंबर पाठ करून द्या. गाण्यासारखं म्हणून घ्या. त्या सहा वर्षांच्या पोरीला विचारलं होतं, “तुझं गाव कोणतं?” ती म्हणाली, “आमचं गाव.” आईचं नाव काय? “आई.” ती खोटं बोलत नव्हती. पण त्यावरून रिसोड तालुका कुणाला सापडणार?

पुढे काय झालं

विसाव्या दिवशी आम्ही तिला घेऊन निघालो. आधी तक्रार, मग वाशिम. तिचे हात थरथरत होते. तिच्या पिशवीत रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि त्या दिवशीच्या औषधाची बाटली होती. बाटली उघडलेलीही नव्हती. दुकानाची पावती तिला चिकटलेली. तारीख आणि वेळ त्यावर छापलेली. वीस दिवस तिनं ती सांभाळली होती, आणि तिच्या बाजूनं बोलणारा तोच पहिला कागद निघाला.

लेकरं सुखरूप होती. गृहचौकशी झाली, शेजारी बोलले, अंगणवाडी ताई बोलल्या, लेकरं आपल्या जिल्ह्यात आली. दोन महिने होण्याच्या आत दोघं घरी होती. धाकट्यानं पहिल्यांदा तिला ओळखलंच नाही, आणि ते तिला फार लागलं. थोरली अजून आई पाण्याला निघाली तरी पदर धरून ठेवते. परत मिळालं म्हणजे काही झालंच नाही असं नसतं.

या वर्षी ती ऊसतोडीला गेली नाही. नवरा एकटा गेला. ती गटाच्या बैठकीला येते, थोरली शाळेत जाते, आणि शाळेतून आल्यावर भावाला गाव-तालुका पाठ करून घेते. “बोल, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम.” त्याला नीट बोलता येत नाही. तो म्हणतो, “लिसोड.”

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपल्या लेकराला हेच विचारून बघा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर आमचा नमस्कार.